शंखपुष्पीच्या शोधात सोलापूरचे पाच दिवस

पहिला दिवस : सोलापूर, हिप्परगा

सोलापूर जवळ आलं की सिद्धेश्वर एक्सप्रेसचा वेग मंदावतो. सकाळचे साडेसहा वाजायला आलेले असतात आणि रुळालगतच्या तारेच्या कुंपणावर जांभळे भोंगे दिसायला लागतात. पंजाच्या बोटांसारखी पाच भागांची पानं, मधे गडद घशाचं फूल. आमच्याकडे हिला गारवेल म्हणतात. इंग्रजांनी तर तिला रेल्वेचंच नाव दिलं, कारण रुळांच्या कडेकडेनं ती सगळीकडे पोचली. लहानपणी आजोळी येताना खिडकीत बसून मी ती फुलं मोजत असे. या वेळी मोजली नाहीत, नुसती बघत राहिले. यंदा येण्याचं कारण वेगळं होतं.

गेली दोन वर्षं आई विसरायला लागली आहे. आज वार कोणता, सकाळी जेवली का, कल्याणच्या घराचा पत्ता, सगळं हळूहळू निसटतंय. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना विचारूनच वैद्यांनी जोडीला शंखपुष्पीचं चूर्ण सुचवलं. मी तीन ठिकाणांहून तीन पुड्या आणल्या. एक हिरवट, एक करडी, एक तपकिरी. वासही तीन तऱ्हांचे. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण चूर्ण झालेल्या वनस्पतीपुढे माझं शिकणं-शिकवणं सगळं थांबलं. म्हणून ठरवलं की भाद्रपदाच्या शेवटी, रानात फुलं असताना, आजोळी जायचं आणि ही मंडळी जमिनीवर, मुळासकट, फुलासकट बघायची.

मंडळी म्हणायचं कारण, हे एक मोठं घराणं आहे. मराठीत हरिणपदी कुळ, शास्त्रीय नाव कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी. जगभरात सुमारे ६० प्रजाती आणि १,९०० च्या आसपास जाती. आपलं रताळं याच घरातलं, अमरवेल याच घरातली, बेशरमही याच घरातली. पाकळ्या जोडून झालेलं नरसाळं, छत्रीसारखी पीळ घातलेली कळी, एकाआड एक पानं, आणि बहुतेकांच्या देठातून निघणारा दुधी चीक. एवढ्या खुणा लक्षात ठेवल्या तरी निम्मी ओळख पटते.

मुक्काम जुळे सोलापूरला, मामेबहिणीकडे. तिच्या फाटकावर समुद्रशोक चढवलाय. तळहाताहून मोठी, हृदयाच्या आकाराची पानं. पान उलटं केलं की खालून चांदीसारखी लव. बोट फिरवलं तर मांजराच्या कानामागे हात लावल्यासारखं वाटतं. आयुर्वेदात हाच वृद्धदारुक, मुळाचा उपयोग वातावर आणि रसायन म्हणून सांगितलेला. मूळ औषध असलं तरी बिया मात्र फार जपून. त्यांत मेंदूवर चढणारी, अर्गट नावाच्या विषारी बुरशीत सापडतात त्या वर्गातली अल्कलॉइड द्रव्यं असतात. मेक्सिकोतले लोक याच कुळातल्या एका वेलीच्या बिया देवकार्यात वापरत आणि १९६० मध्ये आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं त्यांतली द्रव्यं ओळखली. नवल पुढेच आहे. ही द्रव्यं वेल स्वतः बनवत नाही. तिच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या बियांमधून उतरणारी बुरशी ती बनवते, आणि त्या बुरशीला पेरिग्लँड्युला हे नाव २०११ मध्ये मिळालं. बहिणीला दोन लहान नाती आहेत. मी सगळं सांगून झाल्यावर ती काही न बोलता उठली आणि खाली पडलेली बोंडं वेचून कचऱ्यात टाकून आली.

दुपारी गावात गेले. काष्ठौषधींचं एक जुनं दुकान आहे, नाव सांगत नाही. बरण्या, गोण्या, धूळ, आणि आत शिरताच वेखंडाचा वास. काउंटरवर सत्तरीचे काका. म्हटलं, "काका, शंखपुष्पी द्या, पण पंचांग द्या, मुळापासून फुलापर्यंत अख्खं झाड, चूर्ण नको."

"पंचांग कोण नेतंय आता? सगळ्यांना पूडच पायजे," म्हणत त्यांनी पावशेर बांधून दिली.

घरी आल्यावर त्यातल्या काड्या कोमट पाण्यात भिजत घातल्या आणि तासाभरानं भिंग लावून पाहिलं. काडी गोल नव्हती. चौकोनी होती आणि चारी कोपऱ्यांना पातळ पंख. पानं समोरासमोर. पोटात धस्स झालं. आपल्या घराण्यात पानं समोरासमोर येतच नाहीत. ही निघाली कॅन्स्कोरा, चिरायताच्या कुळातली. चाखली तर कडूजहर.

आधी राग आला. पण खरं सांगायचं तर यात नुसती लबाडी नाही. बंगालकडे हीच वनस्पती शंखपुष्पी म्हणून वापरात आहे. केरळात शंखपुष्पी म्हणजे आपली गोकर्ण. आपल्याकडे कोणी विष्णुक्रांतीला शंखपुष्पी म्हणतं, तर सरकारी आयुर्वेदिक औषधकोशात शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, राजस्थानाकडच्या कोरड्या रानातली पांढरट-गुलाबी फुलांची. नाव एक आणि झाडं चार. चरकानं मेध्य रसायनं सांगताना मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल यांच्या जोडीला शंखपुष्पी घेतली आणि 'मेध्या विशेषेण च शङ्खपुष्पी' असं तिला वरचढ ठरवलं. पण फुलाचं चित्र काही त्यानं काढून ठेवलं नाही.

संध्याकाळी हिप्परगा तलावावर गेलो. तुळजापूर रस्त्यावरचा हा एकरूख तलाव १८७१ मध्ये बांधून झाला. काठच्या उथळ पाण्यात नाळीची भाजी पसरलेली, फिकट जांभळी फुलं पाण्यावर टेकलेली. देठ पोकळ, म्हणून तरंगते आणि म्हणूनच नाळी. लोह भरपूर असलेली भाजी. फक्त कुठल्या पाण्यातली तोडतो ते बघायचं, कारण पाण्यातले शिसे-कॅडमियमसारखे जड धातू ती अंगात ओढून घेते. सांडपाण्याच्या नाल्यातली नाळी दिसायला जास्त टवटवीत असते, पण ती ताटात नको.

दुसरा दिवस : नान्नज

पहाटे साडेपाचला निघालो. बार्शी रस्त्यानं नान्नज वीसेक किलोमीटर. १९७९ मध्ये माळढोकासाठी हे अभयारण्य झालं. माळढोक आता देशातच दीडशेच्या आत राहिलाय आणि जो आहे तो बहुतेक राजस्थानात. इथे आम्हाला तो दिसेल अशी आशाही धरली नव्हती. काळवीट मात्र दिसले, सोळा-सतरांचा कळप. पुढचा काळा नर मान वळवून आमच्याकडे बघत थांबला आणि मग सगळे एकदम उधळले.

बरोबर एक तरुण वनरक्षक होता. मी वाट सोडून खाली बसले तसा तो म्हणाला, "मॅडम, काय शोधायलाव? काय हरवलं का?"

"विष्णुक्रांत."

"ही काय, पायाखालीच हाय की."

खरंच होती. कुसळी आणि पवन्याच्या ठोंबांमधल्या उघड्या मुरमावर, जिथे मातीचा थर बोटभरसुद्धा नाही, तिथे केसाळ काड्या चहूकडे पसरून झोपलेल्या. साडेसात वाजले होते. ऊन जमिनीवर उतरलं आणि माझ्या डोळ्यांदेखत एक कळी सुटली. आधी पीळ सैल झाला, मग पाच घड्या एकामागून एक बाहेर पडल्या आणि निळी चकती सपाट झाली. डाळीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, एवढीच. पण निळा असा की शेजारचं आभाळ फिकं वाटावं. पोटावर पालथी पडून भिंगातून पाहिलं. मधोमध दोन परागवाहिन्या आणि प्रत्येकीला पुन्हा दोन फाटे, म्हणजे चार टोकं. हीच खूण पक्की. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये एकच वाहिनी असते आणि तिला दोन टोकं. दोघींच्या नावांतही तोच फरक आहे. कॉन्व्हॉल्व्ह्युलस म्हणजे गुंडाळत जाणारी; विष्णुक्रांतीचं शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस, म्हणजे उलगडलेली, कशालाही न वेढणारी. विष्णुक्रांत कुणाच्या आधाराला जात नाही.

तेवढ्यात मुंगीएवढी एक मधमाशी आली. फुलावर उतरली तर तिच्या वजनानं फूल झुकलं. अर्ध्या तासात त्या एका ठोंबावर मी अकरा खेपा मोजल्या. मोठ्या फुलांचा बाजार माळावर मोजकाच असतो. इथलं लहानांचं पोट अशा फुलांवर चालतं. आणि या किड्यांवर चंडोल जगतात, सरडे जगतात. माळढोकसुद्धा नाकतोडे आणि भुंगेरेच खायचा. माळ म्हटला की सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलं जातं. मग तिथे कुणी झाडं लावतं, कुणी नांगर घालतं. या बोटभर मुरमाला धरून ठेवण्याचं काम गवताची आणि विष्णुक्रांतीची मुळं करतात. ते काम कागदावर कुठे येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अभयारण्यातलं पानही तोडायचं नसतं. मी फोटो काढले, चित्रं काढली. खरी कॉन्व्हॉल्व्ह्युलस शंखपुष्पी मिळाली नाही. परतताना साडेअकराच्या सुमाराला मुद्दाम तोच ठोंब पाहिला, तर निळ्या चकत्या मिटून बारीक सुरकुतलेल्या गोळ्या झाल्या होत्या.

तिसरा दिवस : माचणूर, मंगळवेढा

एसटीनं मंगळवेढ्याकडे. वाटेत माचणूरला उतरले. भीमेकाठचं सिद्धेश्वराचं देऊळ, पलीकडे औरंगजेबाच्या छावणीच्या वेळची गढी, आणि घाटाखाली पात्राच्या कडेनं लांबच लांब बेशरम. मूळची दक्षिण अमेरिकेतली. कुंपणाला म्हणून लावली आणि काडी जिथे पडेल तिथे रुजली, म्हणून हे नाव. हिच्या देठाशी पानाच्या बुडाला मधाच्या बारीक ग्रंथी असतात. फुलाबाहेरचा हा मध मुंग्यांसाठी. मुंग्या मध खातात आणि पानं कुरतडणाऱ्यांना हुसकावतात. तरी एक किडा होताच. सोन्याचं पाणी दिल्यासारखा, कासवाच्या पाठीचा, कडेला काचेसारखी पारदर्शक झालर. हातावर घेतला तेव्हा झळाळत होता. हा मेला की सोनं जातं आणि मातकट टरफल उरतं, कारण ती झळाळी पाठीच्या थरांमधल्या ओलाव्याची असते. मी त्याला परत पानावर ठेवला.

मामांच्या वस्तीवर पोचले तेव्हा ते रानातच होते. अडुसष्ट वर्षांचे आहेत, पण कुळव अजून स्वतः धरतात. हस्ताचा पाऊस पडला की मालदांडी पेरायची, त्याची तयारी चाललेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मामांना त्याचं कौतुक आहे, पण त्यांचं सगळं लक्ष चांदवेलीवर.

"ही बघ तुझी औषधी," म्हणाले. "माझ्या बापाला पुरून उरली, मला बी पुरून उरनार."

चांदवेल म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलसच. शंखपुष्पीची सख्खी चुलतबहीण. पांढरी-गुलाबी वाटी, हरणाच्या खुरासारखं पान. म्हणून तर हिला हरणखुरी म्हणतात आणि अख्ख्या कुळाला नाव हिचंच मिळालं. मी खुरपं घेतलं आणि मुळाचा माग काढत खणायला बसले. पांढरी, दोरीसारखी मुळी सरळ खाली. वीतभर, हातभर, दोन हात. काळी माती ओली होती, खुरप्याला चिकटत होती, आणि मुळी काही संपेना. मामा बांधावर बसून बघत होते.

"किती खनशील? इहिरीपातूर जाती ती."

विहिरीपर्यंत नसली तरी दोन-तीन मीटर जाते, कधी त्याहून खोल. कुळवानं तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो. बी जमिनीत वीस-वीस वर्षं जिवंत राहतं. म्हणजे मामा कुळव फिरवतात तेव्हा एकीच्या दहा करतात. हे त्यांना ठाऊक आहे, पण ज्वारी पेरायची तर कुळव फिरवल्याशिवाय गत्यंतर नाही. मी एवढंच सुचवलं की फुलावर यायच्या आत उपटा आणि मुळ्या बांधावर न टाकता उन्हात दगडावर वाळवा. ज्वारी दाट उठली की सावलीत ही वेल मागे पडतेच. पीक विरळ झालं की तिचं फावतं.

वस्तीच्या खालच्या अंगाला ऊस होता. वीस वर्षं पाटाचं पाणी खाऊन ती दोन एकरं चोपण, म्हणजे खारवट, झाली आहेत. वर पांढरा फुफाटा. तिथे काही येत नाही, येते ती फक्त रुदंती, वीतभर उंचीची राखाडी झुडपं. तीही याच कुळातली, फूल नखाएवढं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले तेव्हा पानापानावर थेंब होते. जिभेला लावला तर खारट. जमिनीतलं मीठ ती पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते, मीठ हवेतली ओल धरतं आणि पानं रडल्यासारखी दिसतात. म्हणून रुदंती. जिथे ती आपणहून उगवली, तिथे माती बिघडल्याचा दाखला समजायचा, प्रयोगशाळेत जायच्या आधीच. आणि नावाचा घोळ इथेही आहेच. क्षयावरची 'रुदंती' म्हणून जी फळं विकली जात, ती हिची नव्हेत, वाघाटीच्या जातभाईची.

रात्री अंगणात बसल्यावर मामांनी बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट काढली. तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि शेरडं राखायचे. पालाच नव्हता. हिरवं काय ते ओढ्यातली बेशरम. शेरडं एरवी तिला तोंड लावत नाहीत. त्या वर्षी लावलं.

"एकदा चटक लागली की दुसरं काय खाईनात बघ. मंग मान लटालटा हालायची. पाय वाकडं पडायचं. पान्यापाशी जाऊन उभी ऱ्हायची आन् पानी प्यायचं कळंना. नऊ शेरडं गेली. तुझी आई तवा लगीन होऊन गेलती, तिला कळवलं बी न्हाई."

त्या झाडात स्वेन्सोनिन नावाचं द्रव्य असतं. पेशी आतल्या साखरेच्या साखळ्या मोडून साफ करत असतात, ते काम हे द्रव्य बंद पाडतं. कचरा साठत जातो, पेशी फुगतात आणि सगळ्यात आधी मेंदू भरकटतो. हेही पुन्हा झाडात राहणाऱ्या एका बुरशीचंच काम. मामांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी त्येंला पानी दिसत व्हतं, पन काय करायचं ते आठवत नव्हतं."

मला आईची आठवण आली. आम्ही दोघंही तिच्याबद्दल काही बोललो नाही.

चौथा दिवस : वस्तीवर, एकादशी

आज एकादशी. मामीनं पहाटेच रताळी उकडायला घातली. कापताना सुरीला चीक लागला आणि मी तिला म्हटलं, "मामी, ह्येच बघ घराण्याचं दूध."

"दूध कसलं गं, हात काळं हुत्यात माझं," ती म्हणाली.

पंढरपूर इथून पंचवीस किलोमीटरच्या आत. आषाढीला त्या गावात किती रताळी उकडली जात असतील! आणि ते कंद आले कुठून, तर अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात. बटाटा हे खोड आहे, रताळं हे मूळ. नारिंगी गराच्या रताळ्यात अ जीवनसत्त्व बनवणारं बीटा-कॅरोटिन भरपूर असतं. आफ्रिकेत मुलांची अ जीवनसत्त्वाची कमतरता घालवायला ती रताळी घरोघरी पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेनं 'भू सोना' ही नारिंगी जात काढली आहे. मामींना मी बेणं पाठवायचं कबूल केलंय.

एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगितली. सोंड्या भुंग्यानं पोखरलेलं, बुरशी येऊन काळं पडलेलं रताळं गोठ्यात टाकायचं नाही. कंद स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्यं बनवतो, त्यांतून पुढे गुरांच्या फुफ्फुसावर जाणारं विष तयार होतं. मामी म्हणाली, "आमी तर तसलंच म्हशीला घालतो की गं!" आणि लगेच कोपऱ्यातली पाटी उचलून उकिरड्यावर रिकामी केली.

दुपारी ओढ्याकाठी निशोत्तर सापडलं. पांढरं फूल, आणि खोडाला तीन धारा. बोटांत फिरवलं तर तिन्ही स्पष्ट लागतात, म्हणून संस्कृतात त्रिवृत्. चरकानं सुखविरेचकांत, म्हणजे त्रास न होता रेच घडवणाऱ्या औषधांत, पहिलं स्थान हिला दिलं. मुळाची साल घ्यायची, आतला काष्ठभाग काढून टाकायचा. या कुळाच्या चिकात राळेसारखी शर्करायुक्त द्रव्यं असतात, ती आतड्याला डिवचतात. मेक्सिकोचा जालप, आपला काळा दाणा, निशोत्तर, सगळ्यांची करणी एकच. मामांचे वडील बैलाचं पोट फुगलं की हेच द्यायचे. मात्रा त्यांना ठाऊक होती, मामांना नाही. म्हणून मामा देत नाहीत, आणि मला ते पटतं. मूळ खणलं की वेल संपते. आम्ही ती तशीच ठेवली.

संध्याकाळी बांधावर बोरीच्या झाडाला एका बाजूनं अमरवेलीचा पिवळा गुंता आणि दुसऱ्या बाजूनं फांजी. अमरवेलीला पान नाही, मूळ नाही. कोवळा तंतू हवेत फिरून वासावरून यजमान हुडकतो, हे २००६ मध्ये टोमॅटोवर प्रयोग करून दाखवलंय. लसूणघासाच्या बियाण्यात हिचं बी आलं तर सगळं रान जातं. मामांनी तो गुंता फांदीसकट तोडून जाळला.

फांजीची पानं मात्र मामीनं ओटीभर तोडली. उद्या पारण्याला भाजी. मी आईला व्हिडिओ फोन लावला. तिनं मला ओळखलं की नाही कळलं नाही, नुसती हसली. मामांनी वेल कॅमेऱ्यापुढे धरली.

"ताई, ही कंची गं?"

"फांजी," आई म्हणाली, क्षणाचाही विलंब न लावता. "देठं काढून टाक. आन् डाळ घाल मुगाची."

मामा वेल तशीच धरून उभे राहिले.

अंधार पडल्यावर फांजीची फुलं उघडली. पांढरी, लांब नळीची, लवंगेचा भास होणारा गोड वास. आठच्या सुमाराला घरघर ऐकू आली. पंख पसरून अर्ध्या वितीएवढा राखाडी पतंग, पोटावर गुलाबी पट्टे, फुलापुढे हवेत एका जागी थांबून. त्याची सोंड त्याच्या शरीराहून लांब. उलगडून नळीत घातली, दोन-तीन क्षण, मग पुढचं फूल. रताळ्याच्या पाल्यावर शेपटाला शिंग असलेली जाडजूड अळी असते ना, ती याचीच. मामा तिला शिंगाडी म्हणतात आणि चिरडतात. त्या रात्री मात्र पतंग जाईपर्यंत त्यांनी बॅटरी लावू दिली नाही.

पाचवा दिवस : पुन्हा सोलापूर

सकाळी मामांच्या मुरमाड टेकाडावरून विष्णुक्रांतीचा एक ठोंब मुळासकट काढला. भरपूर होती, एक काढल्यानं काही बिघडत नव्हतं. ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पहिली एसटी धरली.

काष्ठौषधींच्या दुकानात काका एकटेच होते. मी त्यांची पुडी, भिजवलेली काडी आणि हा ठोंब शेजारी शेजारी ठेवला. भांडायला आले नव्हते, तसं आधीच सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि माझं भिंग घेतलं. चौकोनी काडी बराच वेळ फिरवून बघितली.

"माल पोत्यातनं येतो. पोत्यावर जे लिवलेलं असतंय तेच आमी बरणीवर लिवतो," म्हणाले. "माझ्या वडिलांच्या टायमाला वैदू आणायचे, ओला. तवा फूल दिसायचं."

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, कारण त्यांच्याकडे रोज माणसं येतात. आकडीची फेनिटॉइन गोळी चालू असलेल्या माणसानं शंखपुष्पीचं पाक-सरबत परस्पर घेऊ नये. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या गोळीचं रक्तातलं प्रमाण उतरलेलं आढळलं होतं, म्हणजे आवरलेली आकडी पुन्हा येऊ शकते. स्मरणशक्तीचं म्हणाल तर उंदरांवरच्या प्रयोगांत गुण दिसलाय, माणसांवरची मोठी कामं थोडीच आहेत. आईला ती देताना मी हे धरूनच देणार आहे, डॉक्टर आणि वैद्य दोघांना सांगून, आणि देईन ती फूल बघून घेतलेली.

"ह्यो ठोंब ठिवू का मी?" काकांनी विचारलं.

ठेवा म्हटलं. त्यांनी उधारीची लाल वही काढली, मधली दोन कोरी पानं उघडली आणि ठोंब त्यावर पसरला. एकेक काडी बोटानं सरळ केली. मग पेन घेऊन खाली लिहिलं : विष्णुक्रांत, मंगळवेढा. थोडं थांबून विचारलं, "चार टोकं म्हनलाव न्हवं?" आणि तेही लिहिलं. बारा वाजायला आले होते. वही मिटायच्या आधीच फुलं मिटली होती.